तिसरा किलोमीटर

साडेपाचलाच विश्रामबागेत गर्दी.
पिवळे टी-शर्ट सगळ्यांना एकाच मापाचे,
माझा गुडघ्याला टेकतोय.
मार्केट यार्डाकडून हळदीचा वास,
आणि माईकवाला सांगतोय, कॅन्सरच्या संशोधनासाठी
आत्तापर्यंत चार लाख अकरा हजार.
त्यातले पन्नास आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याचे.
पावती फाडताना म्हणाला, नाव नको घालू.

मिरजेच्या शमशाद सिस्टर पुढे निघून गेल्या,
त्यांची ड्युटी आठला.
मी धावते, चालते, पुन्हा धावते.

स्टँडच्या वळणावर आण्णा उभे आहेत.
सांगली–जत, एकतीस वर्षं कंडक्टर.
आता गळ्याला भोक,
त्यावर आईनं शिवलेला मलमलचा रुमाल.
आवाज ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत होता;
त्या रात्री त्यांनी फक्त
दूधवाल्याचा हिशेब विचारला.

पोरांनी त्यांच्या हातात शिट्टी दिली होती.
फुंकणार कशानं?
परत केली. खिशातून तिकिटांचा पंच काढला.
टकटक. टकटक.
येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवरचा नंबर वाचत,
जणू कुणाचे तरी सुटे द्यायचे राहिलेत.

मी थांबले. वाकले. बरगडीखाली कळ.
वाटलं, पाठीवर हात ठेवतील.
त्यांनी बघितलं ओळख न दाखवता,
गाडीत आम्हालाही तिकीट फाडायचे तेव्हा बघायचे तसं,
आणि शेजारच्या विजेच्या खांबावर
पंच दोनदा आपटला.

डबल बेल.
मी सुटले.