टेंभा

व्हार्ड्योला नोव्हेंबरात सूर्य रजेवर जातो
आणि जानेवारी सरत आला तरी हजर होत नाही.
आम्ही कपाळाला दिवे बांधून कारखान्यावर येतो.
कॉड सोलायचा. कातडी इकडे, काटे तिकडे.
साडेनऊला कॉफी.

हॅरबोर्ग तेव्हा पुस्तक काढायची.
पुस्तक कसलं, वीट. निळ्या कापडी बांधणीची,
एक बुधवार आड येणाऱ्या लायब्ररीच्या बसमधून आणलेली.
लेखकाचं नाव घ्यायचं तर आधी घसा खाकरावा लागे.
खोलीतला बल्ब मिणमिणता,
म्हणून कपाळावरचा दिवा ती तसाच चालू ठेवायची.

'बघा, टेंभा मिरवतेय,' मी म्हणाले.
सगळे हसले. स्वाइनुंगच्या तर
कॉफी नाकात गेली.
त्या दिवसापासून ती प्रोफेसरबाई.
कुणाला सुरी हवी असली तरी
'प्रोफेसरबाई, आपली आज्ञा असेल तर...'
ती सुरी द्यायची.
मूठ पुढे करून, पातं स्वतःकडे ठेवून.

मला राग कशाचा होता?
माझं काही ती नेत नव्हती.
माझं साप्ताहिकसुद्धा तिनं वाचलं होतं, राशिभविष्यासकट,
आणि शब्दकोड्यातलं सात आडवं
चुकलंय म्हणून सांगितलं होतं.
कदाचित तोच.

एकदा वादळात बस आली नाही.
थांब्यावर आम्ही दोघीच, पाठीला पाठ लावून.
मी विचारलं, खरं सांग, कळतं का तुला?

'निम्मं,' ती म्हणाली. 'पहिल्यांदा तेवढंही नाही.
बोटीवर एक मेकॅनिक होता, हात कायम ग्रीसचे,
पण बोलणं असं की वाटावं, हा खूप वाचतो.
त्यानं बघावं म्हणून मी पानं उलटायची,
मिनिटाला एक, घड्याळ लावून.
तो ट्रोम्सोला उतरला, मागे वळला नाही.
पुस्तक तेवढं राहिलं.
पुढे सगळा हिवाळा पडला होता.
म्हटलं, बघू तरी,
मी कशाचा आव आणत होते.'

आव आणि आवड.
मध्ये एक अक्षर.

'म्हणजे आता आव नाही?'
'आहे की थोडा,' ती म्हणाली.
'तुम्ही बघता तेव्हा मी जरा ताठ बसते.'

वारा इतका होता की
ती हसली की नाही, मला कळलं नाही.

एप्रिलमध्ये ती मुलीकडे बोडोला गेली.
केक कापला, स्वाइनुंगनं भाषण केलं,
प्रोफेसरबाई हा शब्द चार वेळा आला
आणि चौथ्या वेळी त्याचा आवाज चिरकला.

मग एका बुधवारी मी बसमध्ये चढले,
म्हणजे पावसातून आडोशाला,
आणि ती वीट माझ्याकडे बघत होती.
वाचायची नव्हती मला. उघडली फक्त.

पानांत माशांचे खवले.
वाळलेले, नखाएवढे, खुणेला ठेवलेले.
बारा पानांवर एक, पुढे नऊ पानांवर एक,
मग कुठे दोन पानांनीच.
दोनशे सतराव्या पानावर तीन.
तीन दिवस ती त्या एका पानावर बसली होती.

मी ते पान वाचलं.
एक माणूस दारात उभा आहे, कोट हातात,
आत जायचं की नाही, ठरत नाही. एवढंच.
पुन्हा वाचलं.
बसवाल्या बाईनं शिक्का मारून दिला,
परतीची तारीख सांगितली, आणि वास घेऊन म्हणाली,
'हे पुस्तक तुमच्या कारखान्याचंच दिसतंय.'

आता साडेनऊला मी कोपऱ्यात बसते.
निळ्या बांधणीला वर्तमानपत्राचं कव्हर,
लिलावाचा रकाना बाहेरून.
नवा पोरगा, आइलिफ, काल वाकून विचारत होता,
'काय एवढं वाचतेस?'

'मासळीचे भाव,' मी म्हणाले.

कपाळावरचा दिवा चालूच राहिला होता.
त्यानं डोळ्यांवर हात धरला.
मी मान थोडी खाली केली,
विझवला नाही.