तीन अंश

छपरावरून बर्फ घसरला तेव्हाच खोकं आलं, नीगाताहून.
आत बॅट, मानेपाशी मोडलेली,
आणि अर्ध्या ओळीची चिठ्ठी: दुसऱ्याच चेंडूला. कुराता.

तोकुजींना आता वरचे सूर ऐकू येत नाहीत.
म्हणून ते लाकडाला टिचकी मारतात
आणि त्याचं टोक दातांत धरतात;
जबड्यातून ऐकतात.
या तुकड्याला मात्र टिचकी मारली नाही.
नुसता माझ्यापुढे सरकवला, शाईच्या दौतीशेजारी.

मेपल. कॅनडातून जहाजाने आलेलं.
आओदामो मिळायचा तेव्हा शाई लागत नसे,
त्याच्या रेषा तळहातासारख्या उघड्या.
होक्काइदोच्या उतारावर सत्तर वर्षं उभं राहायचं झाड
आणि निघायच्या चार बॅटी, फार तर पाच.
साल पाण्यात टाकली की पाणी निळं व्हायचं.
मी एकदाच पाहिलंय ते, बशीत,
इथे कामाला लागले त्या वर्षी.
बघून घे, म्हणाले होते तोकुजी.

मेपल गोरं, तोंडमिटं.
पोटातलं फक्त शाईला सांगतं:
मुठीच्या जरा वर एक थेंब सोडायचा,
तो तंतू धरून पळतो.
तीन अंशांहून जास्त कलला, की ठोकळा बाद,
मग टोकांना मेण लावून
दोन हिवाळे का सांभाळला असेना.
स्टुलाचे पाय होतील त्याचे.

मी थेंब सोडला.
निघाला, थबकला, आणि वळला
शेजारच्या बोळात शिरणाऱ्या मांजरासारखा.
पाच अंश. सहाही असतील.

हा ठोकळा मीच लेथवर चढवला होता.
नोव्हेंबर. दारात पर्सिमन सोलून टांगलेली,
दौत कोरडी,
दुकान पुलापलीकडे.
नुसत्या डोळ्यांनी बघितलं नि म्हटलं, चालेल.
पटाशीखालून भुसा नाही, लांब लांब फिती निघत होत्या,
इतकं गोड कातलं जात होतं.

तोकुजींनी जाडी बाजू दिव्याखाली फिरवली.
चेंडूची शिवण उमटली होती
थेट आमच्या छापावर.
छाप आभाळाकडे ठेवायचा,
हे तर पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुटलीस, अशा नजरेने.

रात्री पत्र लिहायला बसले.
छाप वर ठेवत जा. शाईचा थेंब मी टाकला नव्हता.
दोन वाक्यं.
आधी कुठलं, एवढ्यावर चहा गार झाला.
शेवटी माझं वर लिहिलं, आणि नवी बॅट फुकट.

सकाळी तोकुजींनी नवा ठोकळा पुढे केला,
दाताकडे बोट दाखवलं.
मी चावला. मेणाची चव, थंडगार.
त्यांनी पलीकडून टिचकी मारली.
काही नाही.
पुन्हा, म्हटलं मी,
तोंडात लाकूड तसंच धरून.