अर्धा गुण

ग्रिम्सबीत दर मंगळवारी सातला
वाचनालयाच्या वरच्या खोलीत वर्ग भरतो.
मासळीच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेली माणसं,
साबणानं तीनदा धुतलेले हात,
तरी वहीच्या पानांना हॅडकचा वास.

लिनेट ब्लँचर्ड फळ्याच्या मधोमध रेघ मारते.
डावीकडे इंग, उजवीकडे टू.
एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश ही इंगच्या घरची.
होप, वाँट, डिसाइड टूच्या.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात,
पण काही क्रियापदं दोन्हीकडे पोटभर जेवतात
आणि घर बदललं की भाषाच बदलतात.

हब्तोम डॉक्टरला छाती काढून सांगून आला होता,
आय स्टॉप्ड टू स्मोक.
म्हणजे, सिगारेट ओढायला थांबलो.
म्हणायचं होतं, ओढायचा थांबलो.
एक ला, एक चा,
डॉक्टरनं मान हलवली आणि आणखी एक तपासणी लिहून दिली.
वर्ग हसला. सगळ्यात जास्त हब्तोम,
मग बराच वेळ खोकला.

टूचं तोंड पुढे, लिनेट सांगते, इंगचं मागे.
ढोबळ आहे हे. परीक्षेपुरतं धरा.
रिमेंबर टू लॉक : कुलूप लावायचंय अजून.
रिमेंबर लॉकिंग : लावून झालंय.
डाइवा लिहिते,
कौनासच्या फ्लॅटला कुलूप लावल्याचं आठवतं मला,
गॅस बंद केल्याचं आठवत नाही.
तेरा वर्षं झाली.

रिग्रेटपाशी लिनेट जरा घाई करते.
तिला ते नवव्या वर्षीच शिकवलं होतं
ट्रॉलर कंपनीच्या पत्रानं :
वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू.
कंपनीच्या खेदाचं तोंड पुढेच असतं,
आधी खेद, मग बातमी, खाली सही.
इंगचा खेद आईच्या वाट्याला आला.
बोट निघते त्या दिवशी घरात कपडे धुऊ नयेत,
धक्क्यावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.
आईनं एकच सदरा धुतला होता.
हे उदाहरण लिनेट फळ्यावर लिहीत नाही.
पत्रांतून येतं, एवढंच म्हणते, पुढचं बघू.

शेवटची दहा मिनिटं. गाळलेली जागा भरा.
आय फरगॉट, मग रेघ, मग गुडबाय.
सगळ्यांच्या पेन्सिली चालू,
हब्तोमचा हात वर.

बाई, टू से लिहिलं तर निरोप घेतलाच नाही.
सेइंग लिहिलं तर घेतला, आणि घेतल्याचं विसरलो.
बरोबर?
बरोबर, लिनेट म्हणते, सेइंग फारसं कुणी म्हणत नाही, पण बरोबर.

सेनाफेत रात्र होती, बाई. ट्रक चालू होता.
भाऊ कुंपणापाशी, कंदील त्यानं मुद्दाम खाली धरलेला.
मी काही बोललो,
की बोललो असं इतकी वर्षं नुसतं घोकतोय,
तेच कळत नाही.
याला कुठलं रूप?

लिनेट फळ्याकडे बघते.
सरळ आलीय आज रेघ, नेमकी आजच.
ती डस्टर उचलते, खाली ठेवते.
शिलान म्हणते, बाई, माझी बस.

खोली रिकामी झाल्यावर ती कागद तपासायला बसते.
खिडकीखाली स्टॉपवर हब्तोम थांबलाय,
ओढायला. आता वाक्य चुकीचं नाही.
त्याच्या कागदावर जागा मोकळीच आहे,
फक्त पेन्सिल इतकी टेकवलीय एका ठिकाणी
की मागच्या बाजूला उंचवटा आलाय,
बोटाला लागतो.

या परीक्षेत अर्धा गुण नसतो.
ती देते.
मग जिना, रस्ता, समुद्राकडचा वारा,
आणि घरी पोचल्यावर
वरच्या खोलीतला दिवा घालवल्याचं
तिला काही केल्या आठवत नाही.