एक-तीन-चार-दोन

सावर्ड्याच्या नोटरीने एस्टीम विकली तेव्हा
डिकीत तीन छत्र्या होत्या
आणि न सुटलेल्या एका वाटपाचे कागद.
मीटरवर एक लाख बावीस हजार,
बहुतेक मडगावच्या कोर्टापर्यंतचे, तिसऱ्या गिअरात.
“हिला कधी घाई नव्हती,” चावी देताना तो म्हणाला,
जरा ओशाळून.

मी गणित शिकवते. आठवी, नववी.
कायतान फुर्तादला ते पुरेसं वाटलं नाही.
“गणीत कागदार,” तो म्हणाला, “हांगा लोखंड.”
मग बोअरिंग मशीनवरची ताडपत्री ओढली.
खाणी चालू असताना कुडचड्यात
रोज एक ट्रक इथे पोट उघडून पडायचा.
आता किसाच्या ट्रेमध्ये कोंबडीने घर केलेलं.
तिला उठवायला दोन दिवस गेले,
पिल्लं फुटायची होती.

प्रत्येक सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा.
वहीची पाच-सहा पानं, बस.
त्यासाठी अख्खा शनिवार,
आणि भिंतीवर आतून तिरक्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या,
तेल धरून ठेवायला.
कॅमशाफ्ट कोइंबतूरहून आला तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळून;
कागद मी जपून ठेवला, वाचता येत नसताना.
हेड कायतानने घासलं. किती, ते विचारलं नाही मी.
चाळीस वर्षांचा हात होता.

व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो का, ते बघायला चिकणमाती लागते.
शेजारी पुंडलिक च्यारीची चित्रशाळा,
ओळीने बसलेले, अजून सोंड नसलेले गणपती.
“कितल्याक जाय?”
“पिस्टनाक.”
च्यारीने मान वर न करता एक गोळा तोडून दिला.
“कानाची उरलेली,” म्हणाला.

पिस्टनच्या डोक्यावर माती थापली,
वर तेलाचं बोट,
हेड बसवलं, पान्याने क्रँक दोनदा फिरवला, हळू,
पुन्हा सगळं उघडलं.
ब्लेडने माती कापली, व्हर्नियर लावला.
एक पूर्णांक एक.
दोन हवे होते.

कायतानने चष्मा काढला, पुसला, घातला,
पुन्हा मोजलं. एक पूर्णांक एक.
“चड घासलें,” इतकंच.
दिवा मालवून घरी गेला, साडेचारला,
मी हातात कान घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर
चारही पिस्टनांवर चार चंद्रकोरी कोरलेल्या,
व्हॉल्व्हला मान झुकवायला जागा.
रात्री परत आला होता. पैसे घेतले नाहीत त्याचे.
मीही काही बोलले नाही,
शाळेत मात्र त्या आठवड्यात
चुकलेल्या गणितांचे अर्धे गुण दिले.

एक, तीन, चार, दोन:
या क्रमाने ठिणगी पडते.
माझ्या वर्गात कुणी असं मोजलं असतं
तर मी थांबवलं असतं.
पण त्या मंगळवारी ते चौघं असेच मोजत उठले,
आधी खोकत, मग एका सुरात,
आणि कोंबडी पिल्लांसकट रस्त्यापार.

रिवणच्या पलीकडे बंद खाणीचं ट्रक-यार्ड,
जुन्या टायरांची वळणं, वजनकाट्यापासून सुरुवात.
फोंड्याची पोरं, त्यांच्या स्विफ्ट;
म्हापशाचा एक दंतवैद्य, पद्मिनी घेऊन.
माझं हेल्मेट मागून आणलेलं, कुणाच्या तरी अत्तराचं.
साडेसहा हजार फेऱ्यांवर
गाडी अशा खोलीत शिरली
जिचं दार नोटरीने कधी उघडलं नव्हतं.
एक मिनिट, नऊ पूर्णांक चार.
तेविसांत अकरावी.
नोटरी आला होता, उन्हात छत्री धरून.
आवाज ओळखला नाही त्याने,
रंगावरून ओळखली.

संध्याकाळी तेल सोडलं.
कायतानने तळहातावर घेतलं, उजेडात तिरकं धरलं,
चकाकतं का ते बघत राहिला.
एक कण होता.
“आदलो,” तो म्हणाला. आधीचा.
मी हो म्हटलं.
मग दोघांनी तो पुन्हा एकदा पाहिला.