पोट

कासिमिरा सिर्पाने पहाटे
बादलीतला बर्फ हातोडीने फोडला
आणि म्हणाली, आज माल लवकर बसायचा नाही.
मला वाटलं, थंडीबद्दल बोलतेय.
एल आल्तोत जूनमध्ये सगळे थंडीबद्दलच बोलतात.

उतारावरची भिंत. तीन मीटर उंच,
जाडी वीतभर आणि वर चार बोटं.
आठवडाभर आम्ही फळ्या ठोकल्या,
निलगिरीच्या, कुठल्याशा शाळेच्या स्लॅबखालून सुटून आलेल्या,
अंगावर जुन्या सिमेंटचे पापुद्रे.
तळाशी तिने तारेचे पीळ वितीवितीवर घातले,
वर जाता जाता हात सैल सोडला.
खाली एवढे कशाला, मी विचारलं.
ती तोंडातले खिळे काढून म्हणाली,
ओला माल भिंतीची रुंदी बघत नाही.
उंची बघतो.
आणि ओतणाऱ्याची घाई.

घाई एवारिस्तो लारूताला होती.
मिक्सर भाड्याचा, दुपारपर्यंतचा.
त्याने कोपऱ्यात मद्य शिंपडलं पाचामामासाठी,
थोडं मिक्सरच्या चाकावरही,
आणि उरलेलं स्वतःच्या घशात.
मग बादल्या सुरू झाल्या,
फळकुटाच्या जिन्यावरून वर, रिकाम्या खाली,
कासिमिरा मोजत होती आयमारात:
माया, पाया, किम्सा.
माया, पाया, किम्सा.

मीटरभर झाल्यावर ती म्हणाली, थांबा.
खालच्याला आधी स्वतःच्या पायावर उभं राहू दे.
एवारिस्तोने मनगट पुढे केलं. घड्याळ मोठं होतं.
व्हायब्रेटर आत गेला,
आणि जो काही थोडा आळत आला होता
तोही पुन्हा पातळ झाला.
दगड बुडाले. वर पाणी चमकलं.

दोन मीटर.
अडीच.

आधी फळी घामेजली.
फटीतून राखाडी पाणी, मग सिमेंटची लाळ.
तळाची एक तार बारीक आवाजात गात होती,
इतका वेळ मला वाटत होतं
शेजारच्या गल्लीत कुणी रेडिओ लावलाय.
मग ती गायची थांबली.
टुंग.

कासिमिराने बादली टाकली, ओरडली,
आणि वळून सरळ पाठ लावली फळीला.
मीही लावली.
तिची पाठ, माझी पाठ, पलीकडे तो,
मध्ये बोटभर निलगिरी.
धक्का नव्हता त्यात.
अंथरुणात कुणी जड माणूस
झोपेतच आपल्याकडे सरकत यावा, तसं.
त्याला आपण तिथे आहोत हे ठाऊकही नसतं.
टाचा मातीत रुतल्या.
सबंध तीन मीटर उंची
माझ्या माकडहाडावर येऊन टेकली होती
आणि वर आकाश अगदी निळं, बिनकामाचं.

कुणीतरी वासा आणला. कुणीतरी पाचर.
एवारिस्तोने स्वतः मिक्सर बंद केला,
त्या शांततेत पाचरीवर पडणारा हातोडा
ला पासपर्यंत ऐकू गेला असेल.
मग आम्ही बसलो. दोन तास.
कुणी बोललं नाही.
ती मधूनमधून उठून
फळीवर बोटाची पेरं वाजवायची,
कान लावायची, परत बसायची.
दुपारी उशिरा तिने मान हलवली,
आणि राहिलेला अर्धा मीटर
आम्ही घमेल्या-घमेल्याने भरला.
मिक्सरचं भाडं दुप्पट झालं.

तिसऱ्या दिवशी फळ्या काढल्या.
भिंतीवर निलगिरीच्या रेघा उमटलेल्या,
गाठी, खिळ्यांची डोकी,
आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत
दोन बोटं पुढे आलेलं पोट.
एवारिस्तोने त्यावर तळहात फिरवला,
ओळंबा धरला, नाक मुरडलं.
म्हणाला, छिन्नीने काढून टाक. नाहीतर पैसे कापतो.
छिन्नी तुझी, हातही तुझेच, ती म्हणाली,
आणि चुन्योची पुरचुंडी सोडून
भिंतीला टेकून उन्हात बसली.

मी शेजारी बसलो.
काँक्रीट आतून अजून कोमट होतं.
आणि ते पोट माझ्या कमरेच्या खोलगट जागी
नेमकं बसलं.