सातवं पूट

उभादांड्याच्या शेडमध्ये, ऊन पत्र्यावर चढायच्या आत,
जयवंती रेडकर सोलांना रस पाजते.
पाचवं पूट. अजून दोन.

मीही पुटंच दिली होती, रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत,
काचेवर झिंक ऑक्साइडची, एकावर एक सात,
प्रत्येक भट्टीत भाजून.
केसाचा हजारावा भाग, एवढीच जाडी.
तिच्या आतून इलेक्ट्रॉन धावायचे
ओहोटीनंतरच्या घट्ट वाळूवर
पोरं धावतात तसे.

विहिरीचं पाणी आधी. पीएच साडेसहा.
आम्लाचे कण फितीवर येऊन बसले,
खालून इलेक्ट्रॉन त्यांच्या ओढीने गोळा झाले,
प्रवाह जरासा वाढला. आकडा सरळ,
गाइडला आवडतो तसा.

मग आगळ.

पहिल्या मिनिटाला रेघ उसळली.
तिसऱ्या मिनिटापासून उतरायला लागली.
आगळ तेच होतं, तेवढंच आंबट.
मी तारा तपासल्या, बॅटरी बदलली,
मीठ जास्त झालं का विचारलं.
"काय गो, तुझा यंत्र काय सांगता?"
मी फीत उजेडात धरली.
काचेसारखी होती ती,
आता जांभ्याच्या चिऱ्यासारखी, भोकाभोकांची.
आणि त्या कातळावर इलेक्ट्रॉन अनवाणी,
ठेचकाळत, वाट सोडत, मागे वळत.
गतिशीलता घटली, असं अहवालात येईल.

"ॲल्युमिनच्या टोपात आगळ ठेवतत काय कोण?"
जयवंती म्हणाली. "भोक पडता."
चार महिन्यांचं माझं काम
तिने एका टोपात बसवलं.

मग हात पुसून तिने अंगठा दाखवला.
गुळगुळीत. लालसर. एकही रेघ नाही.
रेशनच्या दुकानातलं मशीन
गेल्या सोलांच्या हंगामापासून तिला ओळखत नाही.
"चार चार येळा दाबूक लावता,
मगे म्हणता, तू तू नाय."
ती हसली. मला हसता आलं नाही,
मग उशिरा आलं, चुकीच्या जागी.

वहीत लिहिलं:
पीएच दोनच्या खाली. पहिली दोन मिनिटंच ग्राह्य.
वरचं पूट टँटलमचं द्यावं लागेल,
ते टिकतं. महाग आहे.
शेरा या रकान्यात पेन थोडा वेळ थांबलं,
तिथे शाईचा ठिपका आहे.

बाहेर साली वाळत पडल्यात,
काळपट, आपापल्या आंबटाने आक्रसलेल्या.
जयवंतीने घमेलं कमरेवर घेतलं,
कोपरापर्यंत हात रसात बुडवला.

सहावं.