तिसरा ड्रम

सातपूरच्या त्या शेडमध्ये तीन ड्रम.
दोन रिकामे, गंजाने आतून खाल्लेले.
तिसऱ्याच्या तळाशी चारेक लिटर,
लेबल उंदरांनी नेलेलं.
निरभवणे अकरा वर्षं त्याच्या राखणीला.
कंपनी मिटली, पगार निम्मा झाला,
मालक कुणी म्हणे पुण्याला, कुणी म्हणे दुबईला;
ह्यांनी फक्त खुर्ची जरा लांब सरकवली.

"मे महिन्यात फुगतो," ते म्हणाले, "पोळ्याला बसतो."
आधी आधी लसणासारखा वास यायचा.
पुढं येईना.
वास होता तिथंच होता,
नाक गेलं होतं.

रुबीना अत्तारने आमचा कॅन उघडला.
ते दोन पावलं मागं.
"काय हे?"
"मीठ."
हसले. मीठ काकवीसारखं ओघळतं होय?

कसं सांगावं.
रोजच्या मिठात दोघं बेताच्या अंगाचे,
प्रार्थनेच्या पोरांसारखे ओळीत उभे राहतात,
खडा होतो.
ह्यात एक थोराड, शेपटं लोंबणारा,
दुसरा भलत्याच घडणीचा.
कितीही रेटा, रांग लागत नाही.
पण हातही सोडत नाहीत एकमेकांचा,
म्हणून हवेत काही उडत नाही.
विषाला पोटात घेतात, पातळ करतात,
आणि सोबत घातलेलं थोडं पाणी
त्याचा नेमका एक सांधा निखळवतं.

"मग मरतं ते?"
"लंगडं होतं, काका. श्वासापर्यंत पोचत नाही."

रात्री दहाला पहिली पट्टी. पांढरी.
बाराला दुसरी. पांढरी.
निळी व्हायला हवी होती.
रुबीना काही बोलली नाही, ढवळणी उचलून पाहिली:
मीठ थिजत चाललेलं, तूप थिजतं तसं.
डिसेंबर. निफाडला पारा पाचावर म्हणे,
आणि आम्ही हिशेब केलेला
प्रयोगशाळेतल्या पंचविसाचा.

निरभवणे उठले. काही न विचारता
अंगावरचा रग काढला,
अकरा वर्षांत ज्याला हात लावला नव्हता
त्या ड्रमला गुंडाळला,
वरून सुतळी. पोराचं टोपडं बांधावं तशी गाठ.

पहाटे पाच. पट्टी पांढरीच, कडेला शंका.
सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं:
निळी.
शाळेच्या शाईची निळी.

त्यांनी कॅनवर वाकून हुंगलं.
"मला काही येत नाही."
"मलाही नाही," रुबीना म्हणाली.
"ह्याला वासच नाही."
बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले.

आता नासर्डीत ओतायचं का, त्यांनी विचारलं.
नाही. माशांना हेही बाधतं,
हे काही गंगाजल नाही.
गाळून परत न्यायचं, धुऊन पुन्हा वापरायचं.
रग मात्र जाळावा लागेल भट्टीत.
"जाऊ द्या," म्हणाले. "जुनाच होता."

मग वही काढली. तारीख, वेळ, सही.
'काय आढळले' ह्या रकान्यात
रोजच्यासारखं लिहिलं: काही नाही.
पेन बंद केलं.
पुन्हा उघडलं, आणि पुढं एक शब्द:
खरंच.